गुडिसन पार्क बघायला चोपड्याहून: पासपोर्ट, व्हिसा आणि खांबाआडची सीट

आधी खर्च सांगतो, कारण फोन करणारा प्रत्येक जण तोच पहिल्यांदा विचारतो. विमान, व्हिसा, मुंबईच्या खेपा, राहणं, खाणं, मॅचचं तिकीट असं सगळं धरून एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गेले. मफलर आणि पोरांसाठी आणलेले टी-शर्ट यात धरलेले नाहीत. ते धरले की घरात विषय वाढतो.

आता हे कशासाठी, ते. इंग्लंडात लिव्हरपूल शहरात एव्हर्टन नावाचा फुटबॉल क्लब आहे. लिव्हरपूल नावाचा क्लब वेगळा. ते लाल, आम्ही निळे. एव्हर्टनचं मैदान म्हणजे गुडिसन पार्क, २४ ऑगस्ट १८९२ ला उघडलेलं. त्याआधी एव्हर्टन ॲनफिल्डवर खेळायचं. हो, आज लिव्हरपूलचं आहे तेच ॲनफिल्ड. जागेच्या भाड्यावरून जागामालक जॉन हौल्डिंगशी बिनसलं आणि क्लब स्टॅन्ली पार्क ओलांडून पलीकडे आला. १९६६ च्या वर्ल्डकपचे पाच सामने इथे झाले, त्यात एक उपांत्य सामना. इंग्लंडच्या वरच्या साखळीतले सर्वांत जास्त सामने ज्या मैदानाने बघितले ते हेच. आणि २०२४-२५ हा एव्हर्टनच्या पुरुष संघाचा तिथला शेवटचा हंगाम होता. क्लब मर्सी नदीच्या काठावर, ब्रॅम्ली-मूर गोदीत बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये जाणार होता.

चोपड्याचा कृषी सेवा केंद्रवाला यात कुठून आला? जळगावच्या होस्टेलवरून. १९ ऑक्टोबर २००२. टीव्हीच्या खोलीत सगळे आर्सेनल बघायला बसले होते, कारण ते लागोपाठ तीस लीग सामने हरले नव्हते. शेवटच्या मिनिटाला एव्हर्टनच्या वेन रूनी नावाच्या पोराने लांबून चेंडू मारला, तो क्रॉसबारच्या खालच्या अंगाला लागून आत. सोळा वर्षांचं पोर, सतरा पूर्ण व्हायला पाच दिवस कमी. मी तेव्हा त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, आणि महिन्याचा मेसचा हिशेबसुद्धा जुळत नव्हता. त्या रात्रीपासून मी एव्हर्टनचा. रूनी पुढच्या दोन वर्षांत सोडून गेला. मला काही ते जमलं नाही.

पासपोर्ट

माझा पासपोर्टच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या गर्दीआधी ऑनलाइन अर्ज भरला. साधा, ३६ पानी, फी १,५०० रुपये. तात्काळ घेतला तर २,००० जास्त. पुढे व्हिसाची वाट बघायचीच होती, त्यामुळे तात्काळची घाई केली नाही. जळगावला पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे, नाशिक-मुंबई करावं लागत नाही. चोपड्याहून सकाळची एसटी धरली की दुपारी जेवायला घरी.

एक सांगतो. खान्देशातल्या निम्म्या लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. कुठे ‘भाऊ’ जोडलेलं, कुठे वडिलांच्या नावात ‘राव’. अपॉइंटमेंट घेण्याआधी सगळी कागदं एका टेबलावर मांडून, अक्षर-अक्षर जुळवून बघा. माझं आधार आणि दाखला जुळत होतं, पण माझ्या पुढे उभ्या असलेल्या यावलच्या दादांना याच कारणाने परत जावं लागलं आणि त्यांचा हज राहतो की काय अशी धाकधूक लागली.

पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन आला. दोन ओळखीचे साक्षीदार आणि लाईट बिल घेऊन गेलो. हवालदारांनी विचारलं, कुठे जायचं? म्हटलं, इंग्लंड, फुटबॉल बघायला. त्यांनी मान वर करून एकदा बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले. नोव्हेंबरात पासपोर्ट पोस्टाने घरी आला.

केळीचे पैसे

खरी परीक्षा बँकेच्या स्टेटमेंटची. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला खात्यात अमुक इतकी रक्कम हवी असा आकडा ठरलेला नाही. तुम्ही दाखवलेला खर्च तुम्हाला परवडतो का, पैसा तुमचाच आहे का, आणि तुम्ही परत येणार का, एवढंच ते बघतात. पण खेड्यातल्या माणसाचं स्टेटमेंट नोकरदारासारखं नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला पगार, असं काही नाही. दुकानाचं चालू खातं खरिपाच्या तोंडावर फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. त्यात केळीच्या कापणीनंतर आप्पांनी जानेवारीत माझ्या खात्यात एक लाख ऐंशी हजार रोख भरलेले. एकदम, एका दिवशी. कुठून आले हे कागदावर कुठेच नाही. असा अचानक आलेला भरणा हे व्हिसा नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे.

एका एजंटकडे जाऊन आलो. पंचवीस हजार मागितले, वर म्हणाला, “अजून तीन-चार लाख कुणाकडून फिरवून घ्या, खातं भरलेलं दिसलं पाहिजे.” म्हणजे एका न समजणाऱ्या रकमेवर दुसरी. टीबीची तपासणी करावी लागेल असंही त्याने सांगितलं. सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिजिटर व्हिसाला ती लागत नाही, हे ब्रिटिश सरकारच्याच संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं आहे. नमस्कार करून उठलो आणि सगळं घरीच केलं.

मी एक पानाचं पत्र लिहिलं. जमीन कुणाच्या नावावर, गट नंबर, क्षेत्र, पीक केळी, कापणी कधी झाली, किती क्विंटल, काय भाव, व्यापाऱ्याने किती रोख दिले, किती खात्यावर, आणि रोखीतले कोणत्या तारखेला बँकेत भरले. सोबत व्यापाऱ्याची पट्टी, सातबारा, आठ-अ, आणि हे पैसे मी मुलाला खर्चासाठी देतोय असं आप्पांच्या सहीचं निवेदन. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, त्यासाठी तलाठ्यामागे फिरायची गरज नाही. माझ्या आयकर विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न आधीपासून दाखवलेलं होतं, त्याचा इथे फार उपयोग झाला. करमाफ आहे म्हणून आपले लोक ते लिहीतच नाहीत. लिहा.

मराठी कागद तसाच चालत नाही, इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर करणाऱ्याने ते मूळ कागदाबरहुकूम असल्याचं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. जळगावात पानाला चारशे रुपये पडले. ‘जिरायत’ आणि ‘पोटखराबा’ यांचं इंग्रजी वाचून मला माझीच जमीन ओळखू येईना.

आप्पा सही करायला बसले तेव्हा चष्मा लावून सगळं पत्र वाचून काढलं. मग म्हणाले, “बॉल देखाले इतला पैसा घाली ऱ्हायना का?” पण सही केली. वर मलाच ऐकवलं की, “आपला कापूस तुन्हा पहिले जायेल शे तठे.” हे त्यांनी कुठल्या तरी भाषणात ऐकलेलं, पण खरंच आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि खान्देश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून जहाजांनी लिव्हरपूलला जाऊ लागला. भाव असे चढले की त्याच्या गोष्टी आमच्या पणजोबांपर्यंत टिकल्या.

व्हिसा

प्रवासाला तीन महिने उरले की मगच अर्ज करता येतो, त्याहून लवकर नाही. मी १७ फेब्रुवारी २०२५ ला ऑनलाइन फॉर्म भरला. फी तेव्हा ११५ पौंड होती, ९ एप्रिलपासून १२७ झाली. फॉर्म लांबलचक आहे पण अवघड नाही. महिन्याचं उत्पन्न, महिन्याचा खर्च, आईवडिलांच्या जन्मतारखा, मागच्या दहा वर्षांतले परदेश प्रवास. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे लिहायला काही नव्हतं, तर नाही म्हणून लिहिलं. आधी कुठे गेला नाहीत म्हणून नाकारतातच असं नाही. प्रवासाच्या कारणात सरळ लिहिलं: एव्हर्टनचं जुनं मैदान बंद होण्याआधी एक सामना बघायचा आहे, तिकडे चार रात्री राहणार, दुकान त्या काळात धाकटा भाऊ बघेल. दुकानाचा जीएसटीचा दाखला, खत विक्रीचा परवाना, लग्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाइड, सगळं जोडलं. परत यायला आपल्यामागे काय काय आहे, ते दिसलं पाहिजे.

अपॉइंटमेंट मुंबईची, २७ फेब्रुवारी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. रात्री जळगावहून विदर्भ एक्सप्रेस पकडली, सकाळी सीएसएमटी. वेटिंग रूममध्ये आंघोळ करून निघालो. कागद घरूनच स्कॅन करून अपलोड केलेले असतील तर केंद्रावर फक्त फोटो, बोटांचे ठसे आणि पासपोर्ट जमा. तिथे स्कॅन करून घेतले तर वेगळे पैसे, लाउंजमध्ये बसायचं तर त्याचे वेगळे, एसएमएसचे वेगळे. मी फक्त कुरिअर घेतलं.

ठसे मात्र येईनात. खताची पोती उचलून आणि फवारणीची औषधं हाताळून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या. काचेवर हिरवा दिवा लागायचा तो लाल लागे. काउंटरवरच्या मुलीने ओला टिश्यू दिला, मग म्हणाली, काका, जरा कपाळावर घासा. कपाळाच्या तेलाने डावा अंगठा उमटला. उजव्याला अजून वेळ लागला. शेतकरी, गवंडी, भांड्याचं काम करणाऱ्या बायका, सगळ्यांना हा त्रास होतो असं तिने सांगितलं. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावून झोपा, हा माझा सल्ला.

मग वाट बघणं. पंधरा कामाचे दिवस सांगतात. या काळात माणूस दुकानात गिऱ्हाइकाला युरिया मागितला तर पोटॅश देतो. २० मार्चला ईमेल आला की तुमच्या अर्जावर निर्णय झाला आहे. काय निर्णय झाला ते मात्र त्यात नव्हतं! तेव्हा पासपोर्ट हातात येईपर्यंत कळत नसे. कुरिअरवाला २४ तारखेला आला. पाकीट दुकानातच, काउंटरवरच्या बियाण्याच्या पिशव्यांवर ठेवून फाडलं. आतल्या पानावर व्हिसा चिकटवलेला होता. हिला फोन केला तर म्हणाली, “मग आता खरंच जाणार तर.”

तिकीट

शेवटचा सामना १८ मे ला साउदॅम्प्टनशी होता. त्याचं तिकीट बाहेरच्या माणसाला मिळणार नाही हे पहिल्यापासून धरून चाललो होतो. ते वर्षानुवर्षं सीझन तिकीट घेणाऱ्यांचं, आणि तसंच असायला हवं. इंटरनेटवर हजारो पौंडांना विकणारे होते. त्यांच्या नादी लागू नका. इंग्लंडात फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय पुन्हा विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गेटवर असलं तिकीट रद्द निघालं की दाद मागायला कुणी नसतं.

मी हंगामाच्या सुरुवातीलाच क्लबची मेंबरशिप घेऊन ठेवली होती. मेंबरांना विक्री खुली होते त्या दिवशी ऑनलाइन रांगेत उभं राहायचं. तुमच्यापुढे किती हजार लोक आहेत ते पडद्यावर दिसतं. मला त्याआधीचा सामना मिळाला: शनिवार ३ मे, इप्सविच टाउन. एकच सीट, पन्नास पौंडांच्या आसपास. बुलेन्स रोड स्टँड, आणि शेजारी बारीक अक्षरात: दृश्याला अडथळा. आधीच ठरवलं होतं, अडथळा तर अडथळा.

विमानाची घाई करू नका. टीव्हीवाले सामन्यांचे दिवस आणि वेळा बदलतात, शनिवारचा सामना सोमवारी रात्री जाऊ शकतो. व्हिसा हातात आणि टीव्हीचं वेळापत्रक जाहीर, या दोन्हीनंतर मी मुंबई–दोहा–मँचेस्टर काढलं. विम्यासकट सत्तर हजारांच्या आत बसलं. मँचेस्टर विमानतळाहून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला थेट गाड्या आहेत.

तिकडे

१ मे ला पोहोचलो. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कारण विचारलं, मी मोबाइलवरचं तिकीट दाखवलं. म्हणाला, इप्सविच? ते तर उतरले खालच्या लीगमध्ये. मी म्हटलं, माहीत आहे, म्हणून तर तिकीट मिळालं. शिक्का मारला.

तिकीट मोबाइलमध्येच असतं, कागदी नसतं. ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि छोटी पॉवर बँक जवळ ठेवा. मैदानाजवळ हजारो लोक एकाच वेळी नेट वापरत असतात, तिथे काही उघडत नाही.

शहराच्या मध्यातून कर्कडेलपर्यंत लोकल, मग चालत. विटांच्या घरांच्या रांगा, आणि एका गल्लीच्या टोकाला अचानक निळा पत्रा आभाळाला टेकलेला. मैदान एवढं वस्तीत घुसलेलं असेल असं टीव्हीवर कधी वाटलं नाही. लोकांच्या दारासमोर, अक्षरशः कचऱ्याच्या डब्यांपलीकडे स्टँडची भिंत. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च तर स्टँडला खेटून उभं आहे. सामन्याच्या दिवशी तिथे चहा मिळतो आणि वरच्या मजल्यावर क्लबच्या जुन्या वस्तू मांडलेल्या असतात. बाहेर डिक्सी डीनचा पुतळा आहे. १९२७-२८ च्या एका हंगामात ६० लीग गोल मारलेला माणूस. १९८० मध्ये याच मैदानावर लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघताना तो गेला.

आत लोखंडी फिरतं दार एवढं अरुंद की आमच्याकडचा एखादा पोट सुटलेला आडत्या अडकलाच असता. जिना चढून वर आलो आणि हिरवळ दिसली. तेवीस वर्षं जे मैदान चौकोनी पडद्यात मावत होतं, ते इतकं जवळ होतं की कॉर्नर मारणाऱ्याच्या मोज्यावरची माती दिसावी. संघ बाहेर आले तेव्हा ‘झेड-कार्स’ या जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकेची ती बासरी-ढोलाची धून वाजली. मी डोळे पुसले हे सांगायला हरकत नाही, आजूबाजूला सगळे तेच करत होते.

आणि माझ्यासमोर खांब. बरोबर एका गोलपोस्टच्या आडवा, चांगला जाडजूड, निळा रंग चढवलेला. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा बसले होते. १९६३ पासून येतात. त्या वर्षी एव्हर्टन चॅम्पियन झालं, तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर होते. मी खांबाकडे बघतोय हे बघून म्हणाले, चेंडू इकडे आला की डावीकडे झुकायचं, मागचे लोक उजवीकडे झुकतात, कुणाला कुणाचा धक्का लागत नाही. आणि खरंच, पूर्ण रांग न बोलता एकत्र झुकायची. चेंडू खांबामागे पोहोचायच्या आत आजोबा झुकलेले असायचे. घरी टीव्हीसमोरसुद्धा झुकतात, अशी बायकोची तक्रार आहे म्हणे.

मी विचारलं, सोडताना वाईट वाटत असेल. मला वाटलं, ते विटांबद्दल, इतिहासाबद्दल बोलतील. ते म्हणाले, हे स्वच्छतागृह एकदा बघून या, मग विचारा. नव्या मैदानात खांब नाहीत, पाय पसरता येतात, क्लबला पैसा हवा आहे, जायलाच पाहिजे. मग पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या माणसाकडे बोट केलं. चाळीस वर्षं हा माझ्यासमोर बसतोय. मला त्याचं पहिलं नाव माहीत आहे, आडनाव माहीत नाही, घर कुठे ते माहीत नाही. त्याची मुलगी एवढीशी असल्यापासून बघितली, आता तिचं पोर येतं. नव्या स्टेडियममध्ये सीट निवडताना त्याने दुसरी बाजू घेतली, मुलीच्या खिशाला परवडेल तिथे. आमचा मुलगा तिसरीकडे. आता मी त्याला फोन करून काय सांगू, आणि कुठल्या नंबरवर?

मला तोपर्यंत वाटायचं, स्टेडियम सोडणं म्हणजे इमारत सोडणं. आम्ही लांबचे लोक फोटो काढतो ते इमारतीचे. आर्किटेक्ट आर्चिबाल्ड लीचने बुलेन्स रोडच्या स्टँडला दिलेली ती फुलीफुलीची लोखंडी जाळी, लाकडी सीटा, चर्चचा कोपरा, सगळे फोटो माझ्याकडे आहेत. पण पुढच्या रांगेतला टकला माणूस कोणत्याच फोटोत नीट आलेला नाही, आणि आजोबांचं जे मोडत होतं ते तिथे मोडत होतं. शहरात इतरांशीही बोललो. कुणी तरुण पोरं नव्या स्टेडियमवर खूष, कुणाला तिथला खर्च झेपेल का याची चिंता. एका बाईंनी मैदानाच्या कडेला पुरलेल्या राखेचा विषय काढला. ८०० हून जास्त चाहत्यांच्या अस्थींची राख तिथे आहे. जागा संपली म्हणून २००४ पासून क्लबने घेणं बंद केलं. मैदान पाडून तिथे घरं, मोकळ्या जागा वगैरे करायची योजना तेव्हा होती. मग यांचं काय, हा त्यांचा प्रश्न. आपल्याकडे तापीत अस्थी सोडल्या की मागे वळून बघत नाहीत. मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.

सामना २-२. बेटो आणि मॅकनीलने पहिल्या पस्तीस मिनिटांत दोन गोल मारले, बेटोचा मला निम्मा दिसला. मग इप्सविचच्या एन्सिसोने लांबून असा मारला की आमचेही लोक ओठ दाबून टाळी वाजवून गेले. शेवटी हर्स्टने बरोबरी केली. आधीच उतरलेल्या संघाने दोन गोल फेडले, म्हणून आजोबा शेवटची दहा मिनिटं शिव्या देत होते. २००२ च्या त्या रूनीच्या रात्री डेव्हिड मॉइसच मॅनेजर होते आणि जानेवारीपासून पुन्हा तेच, तर शिव्यांचा बराचसा भाग त्यांच्या वाट्याला. निघताना मी केळीच्या वेफर्सचं पाकीट आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी एक तोंडात टाकून विचारलं, हे बटाट्याचं नाही ना?

रविवारी नवं स्टेडियम बाहेरून बघून आलो, सँडहिल्स स्टेशनवरून. जुनी गोदी समुद्रातून उपसलेल्या वाळूने भरून त्यावर उभं केलंय. खाली गोदामासारखी वीट, वर वळणदार चकचकीत छत, पन्नास हजारांहून जास्त लोक बसतील एवढं. देखणं आहे, खोटं का बोलू. या आणि आजूबाजूच्या नव्या बांधकामांपायी लिव्हरपूलने २०२१ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा घालवला, तरी शहरात कुणी त्याचं फार दुःख करताना दिसलं नाही.

परत

५ मे ला निघून ६ ला मुंबई. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि उत्तरेतले बरेच विमानतळ बंद झाले. आईने दृष्ट काढली.

आणि १३ मे ला क्लबने जाहीर केलं की गुडिसन पाडणार नाहीत, एव्हर्टनचा महिला संघ २०२५-२६ पासून तिथे खेळेल! मी आठ दिवस चोपड्यात ज्याला भेटेल त्याला “आता ते मैदान राहणार नाही” म्हणून जड आवाजात सांगत होतो. होस्टेलच्या ग्रुपवर धुळ्याचा लिव्हरपूलवाला मित्र लगेच: रडायचे पैसे परत माग. हसू आलं, आणि हायसंही वाटलं. राखेचा विषय काढणाऱ्या बाईंची आठवण झाली. पण आजोबांच्या गोष्टीत यामुळे काही बदल नाही. मैदान राहिलं, पुढची रांग पांगलीच.

१८ मे चा सामना आपल्याकडे दुपारी साडेचारला होता. मे महिन्यातली लाईट म्हणजे भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टर चार्ज करून दुकान लवकर बंद केलं. २-०, दोन्ही गोल एन्डियायेचे. मैदानावरचा निरोपाचा कार्यक्रम सामन्यानंतर बराच वेळ चालला. आप्पा पूर्ण वेळ बसले. कॅमेरा बुलेन्स रोडकडे वळला की मी खांब शोधत होतो.

नव्या स्टेडियमवरचा पहिला लीग सामना २४ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनशी झाला, गुडिसन उघडलं तीच तारीख, तोही २-० जिंकलो. माझा व्हिसा तेव्हा चालू होता, खिसा नव्हता.

आता जायचं मनात असेल त्यांच्यासाठी: गुडिसन आतून बघायचं तर महिला संघाच्या सामन्याची तारीख बघून बेत करा. तिकीट पुरुष संघाच्या मानाने स्वस्त आणि सहज मिळतं. व्हिसाची फी अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावरच तपासा, ती वाढत राहते. बुलेन्स रोडचं तिकीट काढलंत तर खांबाला घाबरू नका, शेजारचे कुठे झुकतात ते बघा. आणि केळीच्या पैशाचं ते पत्र ज्यांना नमुना म्हणून हवं असेल त्यांनी कळवा, नाव आणि गट नंबर खोडून पाठवतो. कापूस किंवा मक्याचे पैसे असतील तर पट्टीच्या जागी बाजार समितीची पावती जोडा, बाकी मजकूर तोच चालेल.